बर्फात गाडी नेताय? साखळी आधी चढवा

२०२० साली ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि हिवाळ्यातही मनालीहून लाहौलच्या बर्फात गाडी नेणे सोपे झाले. पण मैदानी भागात सराईत असलेला चालकही तिथे गडबडतो. दबून गुळगुळीत झालेल्या बर्फावर टायरची पकड सुटते. ब्रेक दाबला तरी गाडी दरीकडे घसरते. अशा वेळी टायरवर चढवलेली लोखंडी साखळी कामी येते.

साखळी टायरच्या मापाचीच घ्यावी. इंजिनाचा जोर ज्या चाकांवर जातो, त्यांनाच ती लावतात. बहुतेक छोट्या मोटारींत ही चाके पुढची, तर बोलेरोसारख्या गाडीत मागची असतात.

गाडी अडकण्याची वाट न पाहता सपाट जागी थांबा. हॅंडब्रेक ओढा. साखळीचा पीळ काढून ती टायरवर पसरा. आधी आतल्या बाजूचा हूक अडकवा, मग बाहेरचा, आणि साखळी ताणून घ्या. शंभरेक मीटर गाडी चालवून थांबा आणि सैल झालेली साखळी पुन्हा आवळा.

वेग ताशी ३०-४० किलोमीटरच्या आत ठेवा. उतारावर खालचा गिअर टाका, जोरात ब्रेक मारू नका. डांबर दिसताच साखळी काढा, नाहीतर टायर खराब होतो.

निघण्यापूर्वी घरीच दोनदा सराव करा. थंडीने बोटे बधिर झालेली, गाडीत मुले रडत असलेली, ही काही शिकण्याची वेळ नव्हे. आणि पोलिसांनी अडवले, तर मुकाट्याने मागे फिरा. बर्फ पुढच्या वर्षीही पडेल.