घशात माशाचा काटा अडकला? भाताचा गोळा गिळणे टाळा!

शिरपूर (प्रतिनिधी) : तापी-अनेरच्या खोऱ्यात गोड्या पाण्यातील मासळी आवडीने खाल्ली जाते, मात्र रोहू, कटला, मृगळ या माशांच्या मांसात मुख्य कण्याशिवाय 'वाय' अक्षराच्या आकाराचे असंख्य सूक्ष्म काटे असतात. मरळ किंवा शिंगाडा या माशांत ते फारसे आढळत नाहीत. असा काटा घशात रुतला की घरातील वडीलधारी मंडळी भाताचा गोळा, केळे किंवा भाकरीचा मोठा घास न चावता गिळण्यास सांगतात. हा उपाय कधी लागू पडतो, तर कधी अंगाशी येतो.

काट्याचे टोक रुतलेले असल्यास घासाच्या दाबाने तो अधिक खोल जातो किंवा मोडून आतच राहतो. लिंबाचा रस वा व्हिनेगर घशातून क्षणात खाली उतरतो. तेवढ्या वेळात काटा विरघळत नाही. बोटे घालून चाचपडल्यास जखम वाढते.

बहुतेक काटे टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी अडकतात. रुग्णाला तोंड उघडायला सांगून विजेरीच्या प्रकाशात काटा स्पष्ट दिसत असेल, तरच तो स्वच्छ चिमट्याने अलगद काढावा. दिसत नसल्यास शोधाशोध न करता, काहीही न खाता-पिता डॉक्टरांकडे जावे. भूल द्यावी लागल्यास पोट रिकामे असणे हिताचे ठरते. कान-नाक-घसा तज्ज्ञ आरसा वा दुर्बिणीच्या साह्याने काटा काढतात. साध्या क्ष-किरण चित्रात प्रत्येक काटा दिसतोच असे नाही. प्रसंगी सीटी स्कॅन करावे लागते. शिरपूरहून सुमारे 50 किलोमीटरवर धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

अन्ननलिकेत अडकलेला काटा अधिक घातक असतो. तिला छिद्र पडल्यास छातीत जंतुसंसर्ग पसरून जीव धोक्यात येऊ शकतो. त्यामुळे गिळता न येणे, लाळ गळणे, रक्त पडणे, ताप, मानेला सूज किंवा छातीत वेदना यांपैकी एकही लक्षण दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. श्वास अडत असल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

काटा निघाल्यावरही ओरखड्यामुळे एक-दोन दिवस टोचल्यासारखे वाटते. त्यानंतरही वेदना राहिल्यास किंवा वाढल्यास पुन्हा तपासणी आवश्यक आहे.

हा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. 1982 मध्ये ब्रिटनच्या राजमाता एलिझाबेथ यांच्या घशातील काटा काढण्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागली होती.

ही काळजी घ्या
- लहान मुलांना मासा काटे काढूनच भरवावा.
- जेवताना बोलणे, हसणे टाळावे. घास लहान घ्यावा.
- कवळी वापरणाऱ्यांना टाळूला काटा जाणवत नाही. त्यांनी घास घेण्यापूर्वी मासा बोटांनी चाचपून पाहावा.