दोन रंगारी भाऊ

ब्राम आणि गेर या डच चित्रकार व्हॅन वेल्डे भावांची नावं आपल्याकडे कुणाच्या कानावर आलीच, तर ती ‘गोदो’वाल्या नाटककार बेकेटच्या मागोमाग येतात. आधी रंग पाहावेत, बेकेट नंतर.

ब्रामचा जन्म 1895 चा, गेरचा 1898 चा. वडिलांचा नदीवरचा मालवाहतुकीचा धंदा बुडाला आणि ते घर सोडून गेले. आई मुलांना घेऊन हेगमध्ये आली. दोन्ही पोरं बाराव्या वर्षाच्या आसपास रंगकाम-सजावट करणाऱ्या एका कंपनीत उमेदवारीला लागली. म्हणजे दोघेही मुळात रंगारीच. मालकाने ब्रामचा हात ओळखला आणि 1922 मध्ये स्वतःच्या खर्चाने त्याला जर्मनीला पाठवलं. 1925 पर्यंत दोघेही पॅरिसमध्ये होते. धाकटी बहीण याकोबा लेखिका झाली. पुढे बेकेट डचमध्ये आणला तोही तिनेच.

1936 मध्ये ब्राम मायोर्का बेटावर राहत होता. तिथे बायको गेली, स्पेनमध्ये यादवी पेटली आणि तो रिकाम्या हाताने पॅरिसला गेरच्या दारात आला. बेकेटची गाठ पडली ती गेरमुळे. बेकेटच्याच आग्रहावरून कलासंग्राहक पेगी गुगेनहाइमने 1938 मध्ये लंडनला गेरचं प्रदर्शन भरवलं. चित्रं खपेनात, तेव्हा तिने वेगवेगळ्या नावांनी काही स्वतःच घेऊन टाकली!

महायुद्धात मात्र भावांच्या वाटा फाकल्या. गेर दक्षिण फ्रान्समध्ये समुद्राकाठच्या उजेडात चित्रं काढत राहिला. ब्रामने 1941 ते 1945 ब्रशला हातच लावला नाही.

युद्ध संपल्यावर बेकेटने दोघांवर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकात जग आहे आणि एका विनोदातल्या शिंप्याने सहा महिने लावून शिवलेली पॅन्टही आहे. पुढच्या लेखनात तो ब्रामकडेच झुकत गेला, ‘न जमणं’ हाच ब्रामचा धर्म असं मांडत गेला. मला हे फारसं पटत नाही. ब्रामच्या गुआशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगांतल्या चित्रांत, ओघळलेले रंग, एकमेकांना रेटणारे त्रिकोण आणि लंबगोल हताश दिसत नाहीत. त्यांत चक्क जोम आहे. शिवाय या कौतुकात गेर मागे पडला. त्याच्या नावावरून मला उगाच गेरू आठवतो, पण त्याची चित्रं करडी-निळी. खोली, खिडकी आणि बाहेरचा उजेड एकमेकांत विरघळून उरलेले चौकोन. आरडाओरडा नाही, म्हणून लोक पुढे निघून जातात.

1948 मध्ये न्यूयॉर्कला दोघांचं प्रदर्शन झालं. 1952 मध्ये पॅरिसच्या माग गॅलरीने ब्रामला सोडलं. बर्नच्या कुन्स्टहालेने त्याचं सिंहावलोकनी प्रदर्शन मांडलं 1958 मध्ये, म्हणजे साठी उलटल्यावर. म्हातारपणी त्याला शिळाछाप सापडला आणि वर्षाला मोजकीच चित्रं करणाऱ्या या माणसाच्या हातून शेकडो छापचित्रं झाली.

1977 मध्ये पॅरिसजवळ काशां इथे गेर गेला. ब्राम आणखी चार वर्षं जगला. शेवटच्या छापचित्रांतही त्याने रंगाचा ओघळ पुसलेला नाही. हेगच्या कंपनीत उमेदवाराने भिंतीवर असा ओघळ ठेवला असता, तर मालकाने ती भिंत पुन्हा रंगवायला लावली असती.