विहिरीवरचं इंजिन बुलेटच्या सांगाड्यात

आपल्याकडे खेड्यात नुसतं ‘इंजिन’ म्हटलं की आगगाडी आठवत नसे. आठवायचं ते विहिरीवरचं किंवा नदीकाठचं, हँडल मारून सुरू होणारं, धूर सोडत पाटाला पाणी देणारं डिझेल इंजिन. 1946 साली खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढच्या दोन पिढ्यांत या यंत्राचा आवाज शिवाराच्या अंगवळणी पडला. ते बिघडलं तर नोझल कुठं साफ करायचा, पंपाने एअर घेतला तर तो कसा काढायचा, हे गावातल्या दोघा-चौघांना तरी ठाऊक असे. डिझेलवर चालणाऱ्या बुलेटची गोष्ट या जाणकारीपासून सुरू होते, मोटरसायकलपासून नव्हे.

बुलेट मूळची इंग्लंडमधल्या रेडिच गावची. 1955 साली मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली आणि 350 सीसीची बुलेट इथली झाली. पुढे रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद पडला, मद्रासचा चालूच राहिला. विलायतेत मॉडेलं बदलत गेली, म्हणून जुनी यंत्रं संग्रहात गेली. आपल्याकडे तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स दशकानुदशकं बनत राहिला. त्यामुळे बुलेटची रचना मिस्त्र्यांना तोंडपाठ झाली.

या रचनेतली एक गोष्ट बुलेटमध्ये डिझेल इंजिन बसवणाऱ्या मिस्त्र्यांच्या पथ्यावर पडली. जुन्या बुलेटमध्ये इंजिन वेगळं आणि गिअरबॉक्स वेगळा. दोन्ही एकमेकांना बोल्टांनी जोडलेले आणि डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये प्रायमरी चेन इंजिनाची ताकद क्लचकडे नेते. म्हणजे इंजिन काढलं तरी गिअरबॉक्स, क्लच, मागची चेन, सगळं जागच्या जागी राहतं. बहुतेक मोटरसायकलींत हे दोन्ही एकाच कवचात असतात. तिथे इंजिन काढलं की गिअरही गेले.

पण ‘काढलं आणि बसवलं’ इतकं ते सोपं नाही. बुलेटच्या चेसिसला इंजिनाखालून जाणारा पाइप नाही. पुढचा उतरता पाइप इंजिनाशी येऊन थांबतो आणि तिथून मागच्या सांगाड्यापर्यंतचा दुवा इंजिन स्वतःच असतं. ते काढलं की चेसिस खालून उघडी पडते. म्हणून जाड लोखंडी प्लेटा कापून नवा पाळणा करावा लागतो आणि गिअरबॉक्सलाही नवा आधार द्यावा लागतो. मग येते लाइन. इंजिनाचं स्प्रॉकेट आणि क्लचचं स्प्रॉकेट एका रेषेत हवं, शाफ्ट एकमेकांना समांतर हवेत. थोडा तिरपेपणा राहिला तरी चेन ओरडते आणि लवकर संपते. चेनकेसची आतली बाजू मूळ इंजिनाच्या मापाची, तीही नव्याने घडवायची. इथे लेथवाल्याचा हात आणि नजर पणाला लागते.

फिरण्याची दिशाही पाहावी लागते. डावीकडून पाहिलं तर पुढे जाणाऱ्या गाडीचं चाक घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं. चेन दिशा बदलत नाही, म्हणजे इंजिनाचा शाफ्टही त्या बाजूने तसाच फिरायला हवा. पंपासाठी आणि जनरेटरसाठी बनलेली बरीचशी छोटी डिझेल इंजिनं शाफ्टच्या टोकाकडून पाहता नेमकी अशीच फिरतात. दोन अनोळखी यंत्रांचं असं जुळणं पाहून मला दर वेळी आनंद होतो.

मद्रासच्या कारखान्यानेही डिझेलचा हा मार्ग धरला. 1990 च्या दशकात ‘एन्फील्ड डिझेल’ आणि ‘टॉरस’ या नावांनी त्याची डिझेल बुलेट रस्त्यावर दिसू लागली. तिच्यातलं 325 सीसीचं इंजिन इटलीच्या लोम्बार्डिनी कंपनीच्या आराखड्यावर ग्रीव्हजने भारतात बनवलेलं होतं. ग्रीव्हज म्हणजे 1859 पासूनची मुंबईची कंपनी. या घराण्याची छोटी इंजिनं पंपांत होती, तीनचाकी टेम्पोंतही होती. त्यामुळे पिस्टन रिंग किंवा नोझल हवा असेल तर मोटरसायकलच्या शोरूमची वाट धरावी लागत नसे. तालुक्याच्या गावी ज्या दुकानात टेम्पोवाला जाई, तिथेच काम होई.

आकडे पाहिले तर ही गाडी हास्यास्पद वाटेल. पेट्रोल बुलेटची ताकद 18 अश्वशक्ती, हिची साडेसहा. वजन जवळपास 200 किलो आणि कमाल वेग ताशी 65 किलोमीटरच्या आसपास. पण लिटरला 70 किलोमीटर आणि त्याहून जास्त! पेट्रोल बुलेट याच्या निम्म्यावर हाशहुश्श करी. दूध घालणाऱ्याला, मंडईला जाणाऱ्याला ताशी शंभरची गरजच नव्हती.

एवढा फरक कुठून येतो? पेट्रोल इंजिनात आपण मूठ पिळतो तेव्हा कार्बोरेटरची झडप उघडते. हळू चालवताना ती जवळजवळ बंद असते आणि पिस्टनला त्या अरुंद फटीतून हवा ओढण्यातच शक्ती घालवावी लागते. डिझेलला अशी झडपच नाही. हवा दर वेळी पोटभर आत येते, कमी-जास्त होतं ते फक्त इंधन. शिवाय जुन्या बुलेटमध्ये मिश्रण साडेसहापट दाबलं जाई, डिझेलमध्ये हवा सतरा-अठरापट दाबली जाते आणि त्या उष्णतेनेच इंधन पेटतं. प्लग नाही, पॉइंट नाहीत, पावसात ठिणगी हरवण्याची भीती नाही.

त्याच दाबामुळे किक मारणं हे एक तंत्र बनतं. डिकम्प्रेसर दाबून एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, जड फ्लायव्हीलला वेग द्यायचा आणि डिकम्प्रेसर सोडून द्यायचा. हँडल मारून विहिरीवरचं इंजिन चालू केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नसे. चालवतानाही वेगळेपण जाणवतं. मुठीची केबल गव्हर्नरला जाते. आपण वेग मागायचा आणि तो टिकवण्यासाठी किती डिझेल द्यायचं हे गव्हर्नर ठरवतो. चढ लागला की इंजिन आपणहून जोर लावतं, दम संपेपर्यंत फेरे पडू देत नाही. हादरे मात्र भरपूर. नट-बोल्ट सैल होतात, आरशात मागचं काही धड दिसत नाही. मागच्या चाकाच्या हबमधले रबर या धक्क्यांतले काही झेलतात आणि चेनचं आयुष्य वाढवतात.

दिल्लीच्या फटफटींचा वंशही याच बाजूचा. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेल्या हार्ले-डेव्हिडसनना मागे प्रवाशांची बाकं जोडून त्या चांदनी चौकाकडे धावत, पुढे कित्येकींत डिझेल इंजिनं बसली. सौराष्ट्रातल्या ‘छकडा’ नावाच्या तीनचाकीचं पुढचं अंग मोटरसायकलचं आणि पोटात डिझेल. जर्मनीत योखेन सोमर यांनी बुलेटच्या सांगाड्यात हात्स कंपनीचं 462 सीसीचं इंजिन बसवून सुमारे 11 अश्वशक्तीची गाडी रीतसर परवान्यासह विकली. तिथे त्या कामाला अभियांत्रिकी म्हणतात. आपल्याकडे त्याच कामाला ‘जुगाड’ म्हणून मोकळे होतात, आणि हे मला मनापासून खटकतं. ज्याने स्प्रॉकेटचे दात मोजले, शाफ्टची दिशा पाहिली, पाळण्याच्या प्लेटेची जाडी ठरवली, त्याने यंत्राची रचनाच केली. कागदावर आराखडा काढला नाही, एवढंच.

2000 च्या सुमारास धुराचे नियम कडक झाले आणि टॉरस बंद झाली. धुराबाबतची तक्रार खरी होती. त्या इंजिनाचा काळा धूर मागच्या माणसाच्या छातीत जात होता, हे नाकारता येणार नाही. 2014 च्या ऑक्टोबरमध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि पेट्रोल-डिझेलच्या भावातली मोठी दरीही बुजत गेली. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेतच, जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती आणखी स्पष्ट केली. आज कुणी पेट्रोल बुलेटमध्ये परस्पर डिझेल इंजिन बसवलं तर नोंदणी आणि विमा दोन्ही अडचणीत येतील.

मात्र या निकालाच्याही आधी यंत्रानेच ती वाट बंद केली होती. 2010 च्या आसपास बुलेटचं जुनं बिडाचं इंजिन गेलं आणि इंजिन-गिअरबॉक्स एका कवचात असलेलं नवं आलं. जुन्या टॉरस अजून कुठेकुठे धावतात. लोम्बार्डिनीच्या 325 सीसी आणि टेम्पोतल्या 395 सीसी इंजिनांचा स्ट्रोक एकच, 68 मिलिमीटर, फरक बोअरचा. ज्याला हे ठाऊक आहे तो मिस्त्री अजूनही भंगारातल्या टेम्पोकडे पाहताना आधी इंजिनाशी वाकतो आणि फ्लायव्हील हाताने फिरवून पाहतो.