दणका नको, शब्द हवेत

पुण्याच्या तपकीर गल्लीत साउंडबार दाखवायची एक ठरलेली रीत आहे. विक्रेता पेन ड्राइव्ह खुपसतो, आधी हेलिकॉप्टर डोक्यावरून जातं, मग कुठलीतरी इमारत कोसळते आणि शेवटी पंजाबी गाण्याचा ठेका सुरू होतो. काउंटरची काच थरथरायला लागली की तो विजयी मुद्रेने म्हणतो, "बेस बघा सर." माझ्याबरोबर आलेल्या आत्याने कानांवर हात ठेवले होते. "मला घरात वरात काढायची नाहीये," ती म्हणाली, "बातम्या लावा."

बातम्या त्याच्याकडे नव्हत्या. माणसाचं साधं बोलणं असलेली एकही फाइल त्या पेन ड्राइव्हवर नव्हती आणि पुढच्या दुकानांतही तीच गत. घरी गेल्यावर ज्या वस्तूतून रोज चार-पाच तास माणसं बोलणार आहेत, ती विकताना बोलणं मात्र कुणी ऐकवत नाही. मग आम्ही आमचा मोबाइल जोडायला दिला.

आत्याची तक्रार नेमकी होती. नवा 43 इंची टीव्ही आल्यापासून ती म्हणत होती, "ऐकू येतं रे, कळत नाही." घरच्यांनी ते वयाच्या खात्यावर टाकलं आणि आवाज वाढवून दिला. त्याने भागलं नाही, भागणारही नव्हतं. बोलण्यातला जोर असतो स्वरांत आणि अर्थ बराचसा व्यंजनांत. 'आ', 'ओ' यांची ताकद काहीशे ते हजारभर हर्ट्‌झच्या पट्ट्यात असते. त, क, श, फ यांची ओळख पटते ती साधारण 2000 हर्ट्‌झच्या वर. 'स' तर चार-पाच हजारांच्याही पुढे सळसळतो. वय वाढतं तसा कान आधी वरच्या टोकाकडूनच मंदावतो. त्यात टीव्ही पातळ झाले. बोटभर जाडीत मावतो तो स्पीकर चपटा, आणि त्याचं तोंड जमिनीकडे नाहीतर मागच्या भिंतीकडे. खालच्या पट्टीतला आवाज अडथळ्याला वळसा घालून येतो. वरचा सरळ जातो आणि समोर जे येईल त्यावर आपटतो. आत्याकडे तो आपटत होता शोकेसवर टीव्हीखाली पसरलेल्या तिच्या क्रोशाच्या जाड रुमालावर. स्वर सोफ्यापर्यंत पोहोचत होते, व्यंजनं रुमालात मुरत होती. आवाज वाढवला की स्वरच आणखी अंगावर येत.

रुमाल काढून पाहिला तेव्हा थोडा फरक पडला. थोडाच. साउंडबारचा निम्मा फायदा एवढ्यातच आहे की त्याच्या स्पीकरांचं तोंड आपल्याकडे असतं. उरलेला निम्मा कोणता, त्यासाठी ही सगळी पायपीट.

खोक्यावर सगळ्यात मोठा छापलेला असतो वॉटचा आकडा. नव्वदीच्या दशकात टू-इन-वनवर 'हजार वॉट पीएमपीओ' असं लिहिलेलं असायचं, ते आठवत असेल तर या आकड्यांकडे कसं पाहायचं ते वेगळं सांगायला नको. आता पीएमपीओ गेलं आणि आरएमएस आलं, पण तो आकडाही बहुतेकदा सगळ्या चॅनेलांची बेरीज असतो, आणि स्वस्त मालात तर आवाज दहा टक्के फाटलेला असताना मोजलेला. शिवाय 100 वॉटचे 200 झाले तरी वाढतात फक्त तीन डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. दहा बाय बाराच्या हॉलमध्ये बातम्या ऐकायला एखाद-दुसरा वॉटसुद्धा पुरतो. विक्रेत्याला हे माहीत नसतं असं नाही, पण आकड्यावर गिऱ्हाईक वळतं, म्हणून तो आकडा सांगतो.

त्याची दुसरी खोड जास्त त्रासदायक. स्वस्त पीसवरून महाग पीसवर जाताना त्याचं बोट रिमोटवर दोन टिचक्या जास्त देतं. 1933 साली बेल लॅबोरेटरीजमधल्या हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी मोजून दाखवलं होतं की आवाज बारीक असला की आपल्या कानाला खर्ज आणि टीप दोन्ही मधल्या पट्टीपेक्षा कमी जाणवतात. आवाज वाढला की तीच वस्तू भरदार वाटायला लागते. म्हणजे जरा मोठा लावलेला बार 'चांगला' ठरतो, तो चांगला नसला तरी. यावर उपाय सोपा आहे: रिमोट आपल्या हातात घ्यायचा आणि दोन्ही पीसवर तेच वाक्य कानाला सारख्याच आवाजात लागेल असं करून मगच तुलना करायची. विक्रेत्याला हे आवडत नाही. तो "सर, तुम्ही ओपन नाही करत आहात" असं काहीतरी म्हणतो. म्हणू द्यावं.

परीक्षा कशी घ्यायची ते आत्यानेच ठरवलं. ती निवृत्त शिक्षिका आहे आणि तिला एकच परीक्षा पक्की ठाऊक आहे, श्रुतलेखनाची. मोबाइलवर बाजारभावाचं बातमीपत्र लावलं. आवाज मुद्दाम कमी ठेवला, घरी रात्री दहाला शेजारी झोपलेले असताना ठेवतात तेवढा. निवेदिकेचं वाक्य संपलं की आत्या ते मोठ्याने म्हणून दाखवायची. 'सात' आणि 'साठ' वेगळे ऐकू आले की पीस पुढच्या फेरीत. एका बऱ्यापैकी महाग बारवर ती तीनदा अडखळली. तो बार एरवी गोड वाजत होता, पण त्यातल्या व्यंजनांची धार बोथट होती. मऊ, गुबगुबीत आवाज, तरुण कानाला सुखाचा. त्याच्या शेजारचा जरा रुक्ष वाटणारा, किमतीने निम्मा बार तिने न चुकता पास केला. विक्रेता एव्हाना कुतूहलाने पुढे झुकून ऐकायला लागला होता. "काकू, यात व्हॉइस मोड पण आहे," असं म्हणून त्याने बटण दाबलं.

या बटणाबद्दल दोन शब्द. त्याचं नाव कंपनीगणिक बदलतं: व्हॉइस, डायलॉग, क्लिअर, न्यूज. चांगल्या बारमध्ये ते बोलण्याचा पट्टा थोडा उचलतं आणि मागचं संगीत जागच्या जागी ठेवतं. ज्यात मधोमध बोलण्यासाठी स्वतंत्र स्पीकर असतो, म्हणजे खोक्यावर 3.0 किंवा 3.1 लिहिलेलं असतं, तिथे काम आणखी सोपं होतं, कारण चित्रपटाच्या 5.1 ध्वनीत संवाद मुख्यतः मधल्याच चॅनेलवर असतात. स्वस्त बारमध्ये मात्र ते बटण नुसता खर्ज कापतं आणि निवेदक नाकात बोलायला लागतो. सराउंडचं बटण तर आत्याने दाबल्या दाबल्या बंद करायला लावलं. त्यात निवेदिका विहिरीत उतरून बोलत असल्यासारखी वाटत होती. लहान बारवर डॉल्बी अ‍ॅटमॉसचं चिन्ह दिसलं तर वरच्या बाजूला छताकडे तोंड केलेले स्पीकर आहेत का ते बघावं. नसतील, तर वरून येणारा तो आवाज म्हणजे आतल्या चिपचा खेळ आहे. काहींना तो आवडतो. मला फारसा पटला नाही.

वेगळ्या वूफरचा सेट आम्ही गंभीरपणे विचारात घेतला होता, कारण आत्याला नाट्यसंगीत ऐकायचं असतं आणि डग्ग्याची घुमक तिला हवी होती. डग्ग्याचा मूळ सूर शंभर हर्ट्‌झच्या आसपास आणि त्याखाली असतो, लहान बारच्या बोटभर स्पीकरांना तो झेपत नाही. वूफर जोडला आणि घुमक आली खरी. मग पुरुष निवेदकाची बातमी लावली. काहीतरी खटकत होतं, काय ते चटकन कळेना. आत्याने मान वळवून कोपऱ्यात ठेवलेल्या वूफरकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा अर्धा इकडून बोलतोय." खरंच तसं होतं. साधारण 80 हर्ट्‌झच्या खालच्या आवाजाची दिशा कानाला ओळखता येत नाही, म्हणून मोठ्या सिस्टिममध्ये वूफरकडे तेवढंच सोपवतात. पण बारमधले स्पीकर जितके इवलेसे, तितका वूफरवरचा भार वर सरकतो, दीडशे-दोनशे हर्ट्‌झपर्यंत. पुरुषाच्या आवाजाचा पाया याच पट्ट्यात. ओठ टीव्हीवर हलतात आणि छातीतला आवाज सोफ्यामागून येतो. स्त्रीच्या आवाजाला हे कमी जाणवतं, म्हणून परीक्षेत पुरुषाचा आवाज हवाच.

वूफर बाद व्हायला दुसरंही कारण होतं. आत्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि खाली राहणारे सकाळी पाचला उठणारे. खालच्या पट्टीतला आवाज स्लॅबमधून सहज जातो. दार लावून तो थांबत नाही.

उरले एकसंध बार. त्यांच्या पोटात छोटा वूफर असतो, किंवा हवेच्या दाबाने हलणारी बिनमोटरची पॅसिव्ह रेडिएटरची पट्टी. खर्ज मोजकाच मिळतो. आवाज मोठा केला की आतली चिप तोही कापते, नाहीतर स्पीकर फाटेल. हे दुकानात ऐकून घ्यावं: हळू आवाजात डग्गा कसा, आणि दोन घरं वर नेल्यावर तो नाहीसा होतो का.

आता एक कटू सत्य, संगीतापुरतं. स्टीरिओ ऐकायचा तर दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, म्हणजे दोन स्पीकरांमध्ये साठ अंशांचा कोन पडावा, अशी रूढ पद्धत आहे. साठ सेंटिमीटरचा बार तीन मीटरवरून पाहिला तर त्याच्या दोन टोकांमध्ये पडतो जेमतेम अकरा अंशांचा कोन. वाद्यवृंद त्या फटीत कोंबला जातो. फक्त गाणंच ऐकायचं असेल तर तेवढ्याच पैशांत दोन सुटे बुकशेल्फ स्पीकर आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा, असं मी कुणालाही सांगेन. आत्याला मात्र सांगितलं नाही. शोकेसवर एका बाजूला गणपती, दुसऱ्या बाजूला आजोबांचा फोटो. सुट्या स्पीकरांना जागाच नव्हती. आणि ती जे ऐकते त्यातलं पुष्कळसं आकाशवाणीचं जुनं मोनो ध्वनिमुद्रण आहे. मोनोला डावं-उजवं नसतंच, त्यामुळे अकरा अंशांत काही गमावत नाही. गळा, तबला आणि ऑर्गन एकाच ठिकाणाहून येतात, रेडिओतून यायचे तसेच.

जोडणीच्या बाबतीत दुकानात जरा हट्ट धरावा लागला. "ब्लूटूथ आहे ना, वायर कशाला?" असं सगळेच म्हणतात. ब्लूटूथवर आवाज काही मिलिसेकंद मागे राहतो. साध्या जोडणीत दीडशे-दोनशेपर्यंतही जातो, आणि ओठ मिटल्यावर शब्द येतो. काही टीव्ही चित्र थांबवून हे सांभाळून घेतात, काही नाही. शब्द कळायला ज्याला ओठांचा आधार लागतो, त्याला हे फार छळतं. गाण्याला ब्लूटूथ चालेल, टीव्हीला वायर. ऑप्टिकलही पुरते, पण त्यात आवाज वाढवायला बारचा वेगळा रिमोट लागतो. एचडीएमआयचं 'एआरसी' लिहिलेलं भोक टीव्हीला बहुतेक एकच असतं. 2009 मध्ये एचडीएमआय 1.4 बरोबर ही सोय आली, तेव्हा बऱ्यापैकी जुन्या टीव्हीतही ती सापडते. त्यातून टीव्हीच्याच रिमोटने बारचा आवाज कमी-जास्त होतो. त्यासाठी टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू हवं, आणि ते त्या नावाने सापडत नाही. सॅमसंगमध्ये ते एनीनेट प्लस, एलजीत सिम्पलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक.

मापं आम्ही घरून नेली होती: टीव्हीच्या दोन पायांमधलं अंतर, आणि शोकेसच्या फळीपासून टीव्हीच्या खालच्या कडेची उंची. दुसरं माप कुणी घेत नाही. बार बोटभर उंच निघाला की तो टीव्हीचा रिमोट पकडणारा डोळा झाकतो आणि मग चॅनेल बदलायला उभं राहावं लागतं. आमच्या यादीतला एक बार फक्त यावर गळला.

घेतला तो रुक्ष वाटणाराच, दहा हजारांच्या आतला. नाव सांगून उपयोग नाही, पुढच्या दिवाळीला मॉडेल बदललेलं असेल. घरी आणल्यावर शोकेसच्या खणात ठेवायचा बेत होता, तो मी हाणून पाडला. बंद खणात आवाज घुमतो आणि शब्दांचं पुन्हा पीठ होतं. फळीच्या अगदी पुढच्या कडेला ठेवला, म्हणजे समोरच्या लाकडावर आवाज आपटत नाही. मागे भिंत जवळ असल्याने खर्ज आपोआप वाढला होता, तो दोन अंकांनी उतरवला. टीव्हीत ध्वनीची निवड 'पीसीएम' केली, कारण एका चॅनेलवर बार मुका राहत होता. क्रोशाचा रुमाल आता बारच्या मागे आहे. पुढे नको, यावर आमची चर्चा झाली आणि मी जिंकलो.

एक गोष्ट मात्र दुकानात कळणं शक्य नव्हतं. पहिल्याच रात्री आत्याने हळू आवाजात ख्याल लावला, आलापी रंगात आली आणि बार झोपला. वीज वाचवण्यासाठी बराच वेळ आवाज अगदी बारीक असला की काही बार स्वतःहून बंद होतात. तानपुरा आणि विलंबित आलाप त्याला शांतता वाटली. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांत ऑटो पॉवर ऑफ घालवायची युक्ती होती: दोन बटणं एकदम, पाच सेकंद. ती दाबली. तुमच्या बारला अशी सोय आहे का, ते पैसे मोजण्याआधी विचारा. विक्रेता "हो" म्हणेल, तरी पुस्तिका उघडून बघा.