हेदवी परिसरातील बाळंतपण : वेणांची पूर्वसिद्धता आणि अंतराचा प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्याचा किनारी पट्टा उत्तरेस दाभोळच्या आणि दक्षिणेस जयगडच्या खाडीने तोडलेला आहे. दशभुज गणेशाच्या देवळामुळे आणि लाटा जिच्यात उंच उसळतात त्या बामणघळीमुळे प्रवाशांना ठाऊक असलेले हेदवी याच पट्ट्यात वसले आहे. प्रवाशाला रम्य वाटणारी ही भूरचना बाळंतिणीच्या दृष्टीने मात्र वेगळी ठरते. सरळ प्रसूती गावाजवळच्या आरोग्यकेंद्रात होऊ शकते. परंतु शस्त्रक्रिया, रक्त आणि भूलतज्ज्ञ या तिन्हींची एकत्र गरज पडली, तर डोंगरवळणांच्या वाटेने सुमारे पन्नास किलोमीटरवरील चिपळूणकडेच धाव घ्यावी लागते. या भागातील प्रसूतीच्या पूर्वतयारीचा विचार म्हणूनच वेणा सोसण्याच्या उपायांपुरता मर्यादित ठेवता येत नाही. केव्हा निघावयाचे, हा प्रश्नही तितक्याच महत्त्वाचा असतो.

पूर्वसिद्धतेची कल्पना आपल्याकडे नवी नाही. नववा महिना लागण्यापूर्वीच सूतिकागार बांधून ठेवावे, आणि तो लागताच गर्भिणीने शुभ दिवशी त्यात प्रवेश करावा, असे चरकसंहितेच्या शारीरस्थानात सांगितले आहे. तूप, तेल, मध, सैंधव यांच्या साठ्याबरोबरच तेथे कशा स्त्रिया असाव्यात हेही नमूद आहे : अनेकदा प्रसवलेल्या, स्नेहाळ, प्रसंगावधानी, विषाद टाकून दिलेल्या आणि क्लेश सहन करणाऱ्या. औषधांच्या यादीइतक्याच काटेकोरपणे माणसांची यादी देणारा हा ग्रंथकार प्रसूतिगृहाचे मर्म जाणणारा होता, असे म्हणावयास हरकत नाही. आनंदीबाई जोशी यांनी 1886 साली पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी सादर केलेल्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. चौदाव्या वर्षी झालेले स्वतःचे मूल त्यांनी थोड्याच दिवसांत गमावले होते. त्यामुळे त्या विषयनिवडीमागे केवळ विद्वत्ता नव्हती, हे उघड आहे.

चरकाने एक वादही नोंदविला आहे. कळा सुरू झाल्यावर गर्भिणीने मुसळ घेऊन उखळात धान्य कांडावे, असे काहींचे मत होते. आत्रेयाने ते नाकारले. या वेळी दारुण श्रम वर्ज्य होत, जांभया देणे व येरझाऱ्या घालणे मात्र चालेल, असा त्याचा निर्णय आहे. पुढे तो सांगतो की, वेणा आल्याविना जोर करू नये, आणि वेणा आल्यावरही प्रथम हळूहळू व नंतर अधिक बळाने जोर करावा. अकाली केलेला जोर व्यर्थ जातो, हे त्याचे निरीक्षण आजच्या प्रसूतिशास्त्राच्या विद्यार्थ्यासही परके वाटू नये.

त्याचे कारण प्रसूतीच्या क्रियेतच आहे. पहिल्या अवस्थेत गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावून गर्भाशयमुख वर ओढून घेतात आणि ते सुमारे दहा सेंटीमीटरपर्यंत उघडते. या काळातील वेदना मुख्यतः आकुंचनाची व मुख ताणले जाण्याची असते. म्हणून ती ओटीपोटात आणि कंबरेत जाणवते. मुख पुरते उघडण्यापूर्वी लावलेला जोर मुखावरच आदळतो. स्त्री थकते, मूल पुढे सरकत नाही. दुसऱ्या अवस्थेत मूल खाली उतरते, जोर करण्याची ऊर्मी आपोआप येते, आणि तेव्हाच त्या जोराचा उपयोग होतो. तिसरीत वार पडते. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली दिलेल्या शिफारशींनुसार वेगवान अवस्थेचा आरंभ पाच सेंटीमीटरपासून मानावा. ती पहिलटकरणीच्या बाबतीत सामान्यतः बारा तासांहून आणि पुढील खेपेस दहा तासांहून अधिक लांबत नाही. तत्पूर्वीचा मंद काळ मात्र किती चालेल, याचे कोष्टक नाही. पहिलटकरणीस हे आधी सांगितलेले नसले, तर रात्रभर कळा येऊनही काही होत नाही या विचारानेच ती खचते.

भीती आणि वेदना यांचा संबंध इंग्रज वैद्य ग्रँटली डिक-रीड यांनी 1933 साली ग्रंथरूपाने मांडला : भीतीने ताण वाढतो, ताणाने वेदना वाढते, वेदनेने पुन्हा भीती. फ्रान्समध्ये फर्नां लामाझ यांनी 1951 नंतर श्वासोच्छ्वासाच्या सरावाची पद्धती रुजविली. डिक-रीड यांचे सूत्र जसेच्या तसे स्वीकारणे कठीण आहे. निर्भय स्त्रीलाही वेणा असह्य होऊ शकतात, आणि तसे झाले तर तो तिच्या मनाचा दुबळेपणा ठरविणे अन्यायाचे होय. सोबतीविषयीचा पुरावा मात्र भक्कम आहे. ग्वाटेमालातील 1980 च्या एका प्रयोगात प्रसूतीच्या वेळी अखंड सोबत लाभलेल्या स्त्रियांची प्रसूती लवकर झाल्याचे आढळले. पुढे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या समीक्षेत 26 प्रयोगांतील 15 हजारांहून अधिक स्त्रियांचा विचार झाला. सोबत असता नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण वाढते आणि वेणांचा काळ काहीसा कमी होतो, असा तिचा निष्कर्ष आहे. सूतिकागारातील त्या स्नेहाळ स्त्रिया निरुपयोगी नव्हत्या. रुग्णालयाच्या दाराशी आईला वा सासूला थांबविले जाते, तेथे ही गोष्ट विसरली जाते.

पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाण्याची चाल कोकणात दृढ आहे. सातव्या महिन्यात ओटी भरून लेक आईकडे येते. मुंबईत संसार करणाऱ्या कोकणच्या लेकीच्या बाबतीत याचा अर्थ असा की, मोठी रुग्णालये मागे सोडून ती खाडीकाठच्या गावी येते. आईची सोबत मिळते, पण अंतर वाढते. नोंदणी एका ठिकाणी, तपासण्या दुसऱ्या ठिकाणी आणि प्रसूती तिसऱ्याच ठिकाणी, अशी फाटाफूटही होते. म्हणून माता व बालसंरक्षण कार्ड, रक्तगटाची नोंद आणि आधीच्या शस्त्रक्रियेचा कागद ओटीच्या खणानारळाबरोबरच पिशवीत पडणे अगत्याचे आहे. राज्यातील आदिवासी भागांत आरोग्यकेंद्रांच्या आवारात गर्भिणीला अगोदरच येऊन राहता यावे म्हणून जी घरे उभारली गेली, त्यांना ‘माहेरघर’ हे नाव मिळाले. नवव्या महिन्यातील सूतिकागारप्रवेशाचाच हा नवा अवतार म्हणता येईल. हेदवीसारख्या गावी अशी सोय नसली, तरी पोटात मूल आडवे असणे, रक्तदाब वाढलेला असणे वा मागील खेपेस सिझेरियन झालेले असणे, अशा स्थितीत शेवटचे पंधरा दिवस चिपळूणच्या नातलगाकडे काढणे हा त्याला पर्याय होय. पाच-पाच मिनिटांनी कळा येईपर्यंत घरी थांबावे, हा शहरी दंडक येथे लावू नये. पाणी गेले, रक्त दिसले, बाळाची हालचाल मंदावली, डोके असह्य दुखू लागले वा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळांची वाट न पाहता निघावे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका 2014 पासून राज्यात उपलब्ध आहे. तरी पावसाळ्यातील रात्रीसाठी गावातील एखादे वाहन आधी बोलून ठेवणे शहाणपणाचे.

महाराष्ट्रातील माता-मृत्यूंचे प्रमाण 2018-20 या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे 33 होते, देशाचे 97. संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे 95 टक्के आढळले. याचा अर्थ संकट टळले असा नव्हे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव एकदा बळावला की दोन तासांतही जीव घेऊ शकतो, आणि पन्नास किलोमीटरचा रस्ता त्यातील बराच वेळ खातो. या दृष्टीने बेळगाव जिल्ह्यातील प्रयोग उद्बोधक आहे. तेथे घरी वा उपकेंद्रात प्रसूत होणाऱ्या 1620 स्त्रियांपैकी निम्म्यांना परिचारिकांनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रक्तस्रावाचे प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आले. डॉक्टर दूर असला तरी परिचारिकेच्या हाती किती सामर्थ्य असते, हे त्यावरून दिसते.

बाळंतिणीच्या परंपरागत उपचारांत ग्राह्य व त्याज्य यांची सरमिसळ आहे. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, तेल लावून ऊन पाण्याची अंघोळ, सव्वा महिन्याची विश्रांती यांना आक्षेप घेण्याचे कारण नाही. बंद खोलीत बाजेखाली शेगडी ठेवून धुरी घेणे मात्र माता व बाळ या दोघांच्याही श्वासाला अपायकारक आहे. पहिला चीक पिळून टाकणे आणि बाळाच्या तोंडी आधी मध घालणे, हेही सोडले पाहिजे. नाळेला राख वा शेण लावण्याची जुनी चाल धनुर्वाताला निमंत्रण देत असे. लसीकरण व स्वच्छ नाळबंधन यांमुळे 2015 साली भारतात माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य करण्यात आले. तापाला ‘बाळंतरोग’ म्हणून काढ्यावर भागविण्याची सवय अजून पुरती गेलेली नाही. प्रसूतीनंतरचा ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा पुन्हा वाढलेले रक्त यांसाठी त्याच दिवशी आरोग्यकेंद्र गाठावे लागते. सरळ प्रसूतीनंतरही अठ्ठेचाळीस तास संस्थेतच राहावे असा सरकारी दंडक आहे, तो याच कारणाने. बारशाच्या तयारीसाठी घरी परतण्याची घाई झाली, की हेच तास प्रथम कापले जातात.