गाणं एकाचं, गोष्ट दुसऱ्याची

फेब्रुवारी १९३१. अल्बानियाचा राजा झोग व्हिएन्नाच्या ऑपेरागृहातून बाहेर पडून मोटारीकडे निघाला आणि त्याच्यावर गोळ्या सुटल्या. सोबतचा एक अधिकारी जागीच गेला. राजाने स्वतःचं पिस्तूल काढून उलट गोळ्या झाडल्या आणि तो वाचला. आत त्या रात्री लेओनकावाल्लोचा ‘पालियाच्ची’ झाला होता. त्या ऑपेरात रंगमंचावर नाटक चालू असतानाच खरा खून पडतो.

या प्रसंगावर इंग्रज दिग्दर्शक निकोलस रोएगने एक लघुपट केला, पण संगीत ‘पालियाच्ची’चं घेतलं नाही. त्याने व्हर्दीचा ‘उन बाल्लो इन मास्केरा’ निवडला. ही निवड फार धूर्त आहे. १७९२ साली स्वीडनचा राजा गुस्ताव तिसरा स्टॉकहोमच्या ऑपेरागृहात, मुखवट्यांच्या नाचात, गोळी लागून कोसळला आणि काही दिवसांनी मेला. व्हर्दीने ती कथा घेतली, पण रंगमंचावर राजाचा खून दाखवायला सेन्सॉर तयार होईना. शेवटी १८५९ मध्ये रोमला ऑपेरा झाला तेव्हा स्वीडनचा राजा बोस्टनचा गव्हर्नर झाला होता. व्हर्दीच्या हातून काढून घेतलेला राजा रोएगने सव्वाशे वर्षांनी त्याच्या सुरांना परत दिला, तोही भलत्याच देशाचा आणि मिशा लावलेल्या बाईच्या रूपात. झोगची भूमिका रोएगची पत्नी थेरेसा रसेल हिने केली आहे.

हा लघुपट ‘आरिया’ (१९८७) या चित्रपटाचा एक तुकडा. निर्माता डॉन बॉइड याने दहा दिग्दर्शकांना बोलावलं, प्रत्येकाला ऑपेरातला एकेक उतारा निवडायला सांगितलं आणि त्यावर जे सुचेल ते करायची मोकळीक दिली. संगीत नव्याने गाऊन घ्यायचं नव्हतं; आरसीए कंपनीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा खजिना हाताशी होता. चित्रपट त्या वर्षी कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. दहा जणांत गोदार, रॉबर्ट ऑल्टमन, केन रसेल, डेरेक जार्मन अशी नावं, म्हणजे एकाचं दुसऱ्याशी पटू नये अशीच निवड.

आरिया म्हणजे ऑपेरातल्या एका पात्राचं गाणं. कथा घटकाभर थांबते आणि त्या माणसाच्या मनात काय चाललंय तेवढंच ऐकू येतं. आपल्या नाट्यपदांसारखीच आरियाही नाटकातून सुटून स्वतंत्र जगू शकते. मूळ नाटक कधीच न पाहिलेले लोक ती हौसेने ऐकतात. पण लघुपट करणाऱ्यापुढे एक पेच उभा राहतो. पडद्यावर गायक नाही, आवाज मात्र आहे. तो कोणाचा मानायचा? पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला हा प्रश्न मुळात पडतच नाही. ओठ हलवणारा एक आणि गाणारा दुसरा, हे आपण कधीच मान्य करून टाकलंय. ऑपेरात मात्र गाणारं शरीर हाच खेळाचा प्राण असतो, त्यामुळे तिथे हा प्रश्न बोचतो. ‘आरिया’तल्या दिग्दर्शकांनी त्याची जी उत्तरं दिली, त्यांवरूनच कोणता तुकडा जमला आणि कोणता फसला ते ठरतं, असं मला वाटतं.

सगळ्यात तिखट उत्तर गोदारचं. त्याने लुलीचा ‘आर्मीद’ (१६८६) घेतला. आर्मीद ही जादूगारीण. शत्रूपक्षाचा वीर रनो तिच्या मंत्राने झोपलेला आहे, तिने खंजीर उगारलाय आणि हात खाली येत नाही, कारण तिचं मन त्याच्यावर बसलंय. हे स्वगत फ्रान्समध्ये इतकं गाजलेलं होतं, की १७५३-५४ मध्ये रूसोने त्याची चिरफाड केली आणि संगीतकार रामोने स्वरसंगतीचा एकेक धागा उलगडून त्याची बाजू लढवली. गोदार हे सगळं उचलून व्यायामशाळेत नेतो. पिळदार देहाचे तरुण आरशांपुढे वजनं उचलतायत. साफसफाई करणाऱ्या दोन मुली त्यांच्याभोवती घोटाळतायत, त्यांना स्पर्श करतायत, पण एकही जण वळून पाहत नाही. मग एकीच्या हातात सुरी येते. ती उगारली जाते आणि तशीच थांबते. वाडा गेला, जादू गेली, वीराची झोपही गेली. हे पुरुष जागेपणीच झोपलेले आहेत. उरला तो फक्त अडखळणारा हात, आणि लुलीचं संगीत नेमकं त्या हाताबद्दलच आहे. गोदारच्या एरवीच्या खोड्या मला झेपत नाहीत. इथे मात्र त्याने मूळ प्रसंग भल्याभल्या ऑपेरा दिग्दर्शकांपेक्षा नेटका वाचलाय.

जार्मनने उलटी चाल खेळली. शार्पांतिएच्या ‘लुईज’मधली (१९००) आरिया ही प्रियकराकडे राहायला आलेल्या एका शिवणकाम करणाऱ्या मुलीच्या ताज्या सुखाची आहे. जार्मन ती एका म्हाताऱ्या नटीला देतो. ती रंगमंचावर अखेरचं वाकून अभिवादन करतेय आणि मधेमधे सुपर-८ कॅमेऱ्याने टिपलेली थरथरती दृश्यं येतात. त्यांतली तरुणी टिल्डा स्विंटन आहे. लिओन्टाइन प्राइसचा आवाज दोघींपैकी कोणाच्याच ओठांवर नाही. सूर तेच, पण वर्तमानातलं सुख पन्नास वर्षं जुनं झाल्यावर त्यांचा अर्थ पार बदलतो.

केन रसेलने पुचिनीच्या ‘तुरांदोत’मधली सर्वात लोकप्रिय आरिया घेतली. राजकन्येने फर्मान काढलंय, की परक्या राजपुत्राचं नाव कळेपर्यंत शहरात कोणी डोळा मिटायचा नाही. आणि पहाटेपर्यंत आपण जिंकणार याची त्याला खात्री आहे. रसेल एका मुलीच्या अंगावर रत्नं जडवली जाताना दाखवतो, जणू कुठली प्राचीन पूजाच चालली आहे. मग उलगडतं, की ती मोटार अपघातात सापडलीय, रत्नं म्हणजे जखमा आहेत आणि पुजारी म्हणजे शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर. आवाज यूसी ब्योर्लिंगचा. त्या रात्री जागं राहणं हे खरोखरच जीवनमरणाचं असतं. हेही ध्यानात ठेवायला हवं, की १९९० च्या फुटबॉल विश्वचषकात पावारोत्तीच्या आवाजात ती जगभर वाजायच्या आधीचा हा लघुपट आहे. आज तीच आरिया घेणाऱ्याला आधी मैदानातला गोंगाट कानांतून काढावा लागेल.

बाकीचे भरभर उरकता येतात. ब्रूस बेरेसफर्डने कॉर्नगोल्डच्या ‘डी टोटे श्टाट’साठी ब्रूझ शहर सुंदर टिपलं, पण ती कथा मुळात ब्रूझमध्येच घडते; चित्र सुरांच्या मागोमाग चालतं, एवढंच. लास व्हेगासमध्ये नसा कापून घेणारं प्रेमी युगुल आणि वागनर, हा फ्रँक रॉडमचा तुकडा देखणा आणि पोकळ. जुलियन टेंपलने ‘रिगोलेत्तो’चा कॅलिफोर्नियातल्या मॅडोना इन या भडक हॉटेलात धमाल फार्स केला, नवरा आणि बायको, दोघंही एकमेकांपासून लपून तिथेच आलेली. ऑल्टमनला कथाच नकोशी होती. रामोच्या ‘ले बोरेआद’वर त्याने कॅमेरा फक्त प्रेक्षागृहाकडे वळवला, जिथे अठराव्या शतकातले वेडे खेळ बघतायत. या ऑपेराची तालीम १७६३ मध्ये झाली होती, पुढच्या वर्षी रामो वारला आणि रंगमंचावर तो आला १९८२ मध्ये. न झालेल्या खेळाला काल्पनिक प्रेक्षक पुरवणं ही कल्पना मला दृश्यांपेक्षा जास्त आवडते.

सगळ्या तुकड्यांना सांधणारा धागा म्हणून जॉन हर्ट मधूनमधून दिसत राहतो आणि शेवटी विदूषकाच्या वेशात ‘पालियाच्ची’तली आरिया ‘गातो’. आवाज अर्थात एन्रिको कारुझोचा. याला एक गमतीदार पूर्वेतिहास आहे. १९१८ मध्ये खुद्द कारुझो ‘माय कझिन’ या मूकपटात झळकला आणि त्यात हीच भूमिका करताना दिसला. जगातला सर्वात प्रसिद्ध आवाज, आणि पडद्यावर शांतता! चित्रपट आपटला. मग ६ ऑगस्ट १९२६ रोजी न्यूयॉर्कला वॉर्नर बंधूंनी व्हायटाफोनची बोलती चित्रं पहिल्यांदा दाखवली, त्यात जोव्हान्नी मार्तिनेल्लीने हीच आरिया गायली आणि तीच त्या रात्रीची खास दाद घेऊन गेली. आवाज १६ इंची तबकडीवर होता आणि ती प्रक्षेपकाच्या जोडीने फिरत होती. आवाजाला पहिल्यांदा त्याचं शरीर मिळालं. हर्टच्या वेळी ते पुन्हा हिरावलं गेलं, या वेळी मुद्दाम.

चेष्टेनेही अर्थ लावता येतो. चक जोन्सच्या ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’ (१९५७) या सुमारे सात मिनिटांच्या व्यंगपटात बग्ज बनी आणि एल्मर फड वागनरच्या सगळ्या शिरस्त्राणांची, भाल्यांची आणि विरहाची वाट लावतात. ज्याच्या ‘रिंग’चे चार ऑपेरा ऐकायला पंधरा-एक तास लागतात, त्याचा इतका चोख सारांश दुसरा नसेल. विडंबन जमतं, कारण जोन्सच्या मंडळींना मूळ संगीत नीट ठाऊक होतं. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याला स्थान मिळालं.

अलीकडचं उदाहरण पॅरिसचं. तिथल्या ऑपेराने २०१५ मध्ये ‘त्रोआझिएम सेन’ नावाचा आंतरजालावरचा रंगमंच उघडला आणि कलावंतांकडून लघुपट करून घेतले. क्लेमाँ कोजितोरने २०१७ मध्ये रामोच्या ‘ले झँद गालांत’मधला ‘रानटी लोकां’चा नाच घेतला. १७२५ मध्ये अमेरिकेतले काही मूलनिवासी पॅरिसच्या नाट्यगृहात नाचले होते, ते पाहून रामोला ही धून सुचली. कोजितोरने बास्तीय ऑपेराच्या रंगमंचावर आणले क्रंप नाचणारे तरुण. लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्त्यांतून आलेला हा नाच छाती फुगवत, पाय आपटत, रागाला वाट देणारा. सहा मिनिटं ते वर्तुळात एकमेकांना आव्हान देतात, आणि तीन शतकांपूर्वी ज्यांना तमाशा म्हणून उभं केलं होतं त्यांच्या जागी आता यजमानांच्या घरातलेच तरुण उभे असतात. आवाज कोणाचा, याचं हे उत्तर मला गोदारच्या बरोबरीचं वाटतं.

त्या सहा मिनिटांमुळे कोजितोरला पूर्ण ऑपेराच बसवायला मिळाला. ऑपेरा संस्थेच्या ३५० व्या वर्षी, सप्टेंबर २०१९ मध्ये, नृत्यदिग्दर्शिका बिंतू देंबेले हिच्या साथीने त्याने तो बास्तीयमध्येच केला. ‘रानटी लोकां’चा प्रवेश मूळ रचनेत सगळ्यात शेवटी येतो. त्यामुळे लघुपट पाहून गेलेल्यांना तेवढ्या सहा मिनिटांसाठी आधी तुर्कस्तान, पेरू आणि पर्शियातल्या प्रेमकथा ऐकत तीनेक तास बसावं लागलं.