चुकून ग्लुटेन पोटात गेलं, आता काय?

आजचा प्रश्न असा: सीलिअ‍ॅक आहे, पथ्य कडक आहे, तरी लग्नाच्या पंगतीत आमटी खाल्ली आणि काही तासांत पोट फुगलं, मळमळ, जुलाब सुरू. आता काय?

पहिली गोष्ट म्हणजे, गेलेलं ग्लुटेन बाहेर काढणारं औषध नाहीये. मुद्दाम उलटी काढू नका, एन्झाइमच्या गोळ्यांवर विसंबू नका.

आधी पाणी सांभाळा. ओआरएसचं १ लिटरवालं पाकीट पूर्ण १ लिटर स्वच्छ पाण्यात मिसळा आणि घोट घोट प्या. खायला भाताची पेज, मऊ भात, मुगाचं वरण. पण हिंग न घालता! डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. आमटीतला चोर तोच असू शकतो. दूध काही दिवस जड जाऊ शकतं, तेव्हा जरा लांबच ठेवा. आणि झोप घ्या. थकवा पोटापेक्षा जास्त दिवस रेंगाळू शकतो.

शौचात रक्त, पाणीही न टिकणं, लघवी कमी होणं, चक्कर, यातलं काही दिसलं तर थेट डॉक्टरांकडे जा.

बरं वाटलं की काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला, हे लिहून ठेवा. आपण बग शोधतो ना, तसंच. पुढच्या वेळी तोच पदार्थ पकडता येतो.

आणि एक लक्षात असू द्या: त्रास झाला नाही म्हणजे आतड्याला इजा झाली नाही, असं नसतं. त्यामुळे ‘एवढंसं खाल्लं तर काय होतंय’ म्हणणाऱ्या मावशींना हसून, पण ठाम नाही म्हणा.